गोव्यातलं पोर्तुगीजकालीन घर गटाने बघायला जाताना: फोन करण्यापासून निरोप घेण्यापर्यंत

सासष्टी तालुक्यातली जुनी घरं बघायला महाराष्ट्रातून बरेच गट जातात. शाळांच्या सहली असतात, ज्येष्ठ नागरिक संघ असतात, वास्तुकलेचे विद्यार्थी असतात, इतिहासप्रेमी मंडळं असतात. त्यातले पुष्कळ जण दारातूनच परत फिरतात, किंवा दहा मिनिटांत दोन खोल्या बघून बाहेर येतात. बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं: संग्रहालयाला जायचं अशा तयारीने ते कुणाच्या तरी राहत्या घरी गेलेले असतात. त्या घरात वरच्या खोलीत आजी झोपलेल्या असतात, स्वयंपाकघरात कुकर लावलेला असतो, आणि दार उघडायला घरातलंच माणूस येतं. खालच्या सगळ्या सूचना हे गृहीत धरून लिहिल्या आहेत.

## १. आधी घर ठरवा, तारीख नंतर

दक्षिण गोव्यात गटाला सोयीची अशी चार-पाच घरं आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे.

चांदरचं ब्रागांझा घर. मडगावपासून साधारण १३ किलोमीटर, चर्चच्या चौकालगत. बाहेरून एकच लांबलचक घर दिसतं, पण आत दोन स्वतंत्र कुटुंबांचे दोन भाग आहेत. पूर्वेकडचा ब्रागांझा परेरा कुटुंबाचा, पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचा. एका भागाची परवानगी दुसऱ्या भागाला चालत नाही. सर्वात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून पुढे पुन्हा त्यावर येऊ.

चांदरचंच फर्नांडिस घर. ब्रागांझा घरापेक्षा लहान आणि कमी गर्दीचं. जमिनीखाली लपायची जागा आणि तिथून निसटायची वाट यासाठी ते प्रसिद्ध आहे. शाळकरी मुलं इथे सगळ्यात जास्त रमतात. मात्र ती जागा अरुंद आहे, एका वेळी चार-पाचांच्या वर सोडू नका.

केप्याचं पालासियो दो देआंव. डीन पदावरच्या एका पाद्रीने १७८७ मध्ये कुशावती नदीकाठी बांधलेला वाडा. एका दांपत्याने तो दुरुस्त करून पुन्हा उभा केला. आगाऊ सांगितलं तर इथे जेवणाची सोय होते. दुरुस्ती कशी करतात हे बघायचं असेल तर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हे घर चुकवू नये.

लोटलीचं आराउजो आल्वारिस घर. १७५७ चं. ‘बिग फूट’ या खुल्या संग्रहालयाच्या परिसराचा भाग आहे, तिकीट काढून आत जायचं असतं. गट मोठा असेल आणि त्याचे तुकडे करणं अगदीच जमत नसेल तर हेच निवडा. लोटलीतच फिगरेदो घरही आहे. त्यासाठी मात्र आधी बोलून घ्यावं लागतं.

एका दिवसात दोन घरं पुरेशी होतात, तीन म्हणजे धावपळ. चौथं धरलंत तर लोकांना कुठलंच घर आठवणार नाही.

तारीख ठरवताना ६ जानेवारी टाळा. त्या दिवशी चांदरला तीन राजांचं फेस्त असतं, चर्चच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. कार्निव्हलचे दिवस, नाताळचा आठवडा आणि रविवार सकाळची प्रार्थनेची वेळही सोडा. सर्वात बरे म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले मंगळवार ते शुक्रवार.

## २. फोन कसा करायचा

किमान तीन आठवडे आधी फोन करा. एकदा ठरल्यावर आठवडाभर आधी आणि मग आदल्या संध्याकाळी पुन्हा. तिसरा फोन लोकांना अनावश्यक वाटतो, पण नेमका तोच महत्त्वाचा असतो. घरात कुणी आजारी पडलेलं असतं, कुणाच्या अंत्यविधीला जायचं असतं, आणि तुमचा नंबर शोधून कळवायला त्यांना फुरसत नसते.

दुपारी एक ते चार या वेळात फोन करू नका. गोव्यात ही विश्रांतीची वेळ असते आणि ज्येष्ठ माणसं ती कसोशीने पाळतात. सकाळी दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचनंतर करा.

फोनवर या गोष्टी सांगा, याच क्रमाने: तुम्ही कोण, कुठून येणार, किती जण, वयोगट काय, कोणत्या दिवशी कधी पोचणार, किती वेळ थांबणार. मग विचारा: एका वेळी आत किती जणांना सोडता, फोटो काढलेले चालतात का, देणगी किती अपेक्षित आहे, बस कुठे लावायची. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांमधली ज्येष्ठ मंडळी कोकणी, इंग्रजी आणि बऱ्याचदा पोर्तुगीज बोलतात. मराठी समजतं, पण त्यात बोलायची सवय असतेच असं नाही. हिंदी किंवा इंग्रजी सफाईने बोलणारा एक माणूस संपर्कासाठी ठरवा आणि शेवटपर्यंत त्यानेच बोलावं. संबोधन साधं ठेवा: ‘आंटी’, ‘अंकल’. नुसत्या नावाने हाक मारू नका.

असं काहीसं बोलणं पुरतं:

‘नमस्कार आंटी, मी साताऱ्याहून बोलतोय. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चोवीस जण आहेत. बुधवारी सकाळी दहाला आलो तर तुम्हाला सोयीचं होईल का? बारा-बारा जण दोन वेळा येऊ, पाऊण-पाऊण तास.’

‘बारा-बारा’ हे शब्द मुद्दाम उच्चारा. गट तोडून येणार हे कळलं की समोरच्या आवाजातला ताण लगेच कमी होतो.

## ३. गटाचे तुकडे

एका खोलीत एका वेळी दहा-बारा जण. त्यापुढे नाही. याला शिष्टाचाराइतकंच बांधकामाचंही कारण आहे.

या घरांचा मुख्य दिवाणखाना बहुधा वरच्या मजल्यावर असतो आणि त्याची जमीन लाकडी तुळयांवर तोललेली असते. तुळईची टोकं चिऱ्याच्या जाड भिंतीत रुतलेली असतात, मध्ये मात्र खाली आधार नसतो. वाळवी आणि ओल या दोघांनी ती कुठे पोखरली आहे हे वरून दिसत नाही. तीस माणसं झुंबराखाली मधोमध उभी राहिली की सगळा भार नेमका कमकुवत भागावर येतो. म्हणून गटाला भिंतीकडेने, एकेरी रांगेत उभं करा. पायाखाली फळी दबल्यासारखी वाटली तर तिथून हला आणि घरच्यांना सांगा. त्यांना ते ऐकायला आवडतं, कारण दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

ब्रागांझा घराला जाणार असाल तर चोवीस जणांचे दोन गट करा. पहिला पूर्वेकडे, दुसरा पश्चिमेकडे, पाऊण तासाने अदलाबदल. यासाठी दोन्ही कुटुंबांशी आधी वेगवेगळं बोलून वेळ जुळवून घ्यावी लागते. प्रत्येक गटाला एक म्होरक्या आणि एक शेवटचा माणूस नेमा. शेवटच्या माणसाचं काम एकच: मागे रेंगाळणाऱ्याला पुढे काढणं आणि कुणी बंद दार उघडत नाही ना हे बघणं. बंद दारामागे झोपायच्या खोल्या असतात.

## ४. पैसे

बहुतेक राहत्या घरांत छापील तिकीट नसतं, देणगीची पद्धत असते. ‘द्या काय वाटेल ते’ असं ऐकून वीस-वीस रुपये काढणारे गट असतात. तसं करू नका.

हे पैसे कुठे जातात ते समजून घ्या. पोर्तुगीज काळात या कुटुंबांचं उत्पन्न भातशेती आणि नारळाच्या बागायतीतून यायचं. मुक्तीनंतर १९६० आणि १९७० च्या दशकांत कूळ आणि मुंडकार कायदे आले, कसणाऱ्याला आणि मुंडकाराला (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याला) हक्क मिळाले. ते न्याय्यच होतं, पण मोठी घरं सांभाळायचा पैशाचा झरा आटला. दुसरीकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला वारसा कायदा चालतो. त्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा मिळतो. चार पिढ्यांनंतर एका घराचे तीस-चाळीस वारस होतात, काही लिस्बनला, काही लंडनला, काही मुंबईला. छप्पर बदलायचं म्हटलं तरी सगळ्यांची संमती हवी, आणि खर्च मात्र तिथे राहणाऱ्या दोघा-तिघांच्या अंगावर. दर पावसाळ्याआधी कौलं उतरवून परत शाकारावी लागतात, ती वेगळीच.

तेव्हा फोनवर आकडा सांगितला असेल तर तोच द्या. नसेल सांगितला तर माणशी दीडशे रुपये, प्रत्येक कुटुंबाला वेगळे, असा हिशेब धरा. चोवीस जणांचा गट, दोन भाग: प्रत्येकी ३,६०० रुपयांची दोन पाकिटं, एकूण ७,२००. पाकिटावर गटाचं नाव आणि तारीख लिहा. निघण्याआधीच सगळ्यांकडून पैसे गोळा करा. दारात सुट्यांची शोधाशोध करणं यजमानाला अवघडल्यासारखं होतं. रोख न्या, ऑनलाइनवर विसंबू नका, जाड भिंतींच्या आत नेटवर्क जातं.

नेहमीची चूक: पूर्वेकडच्या भागात सगळी देणगी देऊन पश्चिमेकडे ‘आम्ही दिलेत’ म्हणणं. ते पैसे शेजारच्या घराला मिळालेले असतात.

## ५. गाडी आणि दिवसाचा आराखडा

पन्नास आसनांची बस चांदरच्या चौकापर्यंत जाते. लोटलीच्या आतल्या रस्त्यांवर ती वळवताना मात्र नाकीनऊ येतात. कोकण रेल्वेने मडगावला उतरून सतरा किंवा सव्वीस आसनी गाड्या घेणं शहाणपणाचं. महाराष्ट्रातून गाडी नेत असाल तर ती पिवळ्या नंबरप्लेटची, पर्यटक परवाना असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने आणली तर सीमेवरच अडकाल.

चोवीस जणांसाठी चालणारा दिवस असा:

- ९.०० मडगावहून निघा. त्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं. राहत्या घरात वीस माणसांनी बाथरूम मागणं बरं दिसत नाही.
- ९.४५ चांदरला. बस चौकाच्या कडेला, चर्चचं दार मोकळं सोडून.
- १०.०० ते ११.३० ब्रागांझा घर, दोन गट, अदलाबदल.
- ११.४५ गावातल्या कोट भागातले कदंबकालीन मंदिराचे अवशेष आणि डोकं नसलेला नंदी. चांदर म्हणजे कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर. पंधरा मिनिटं पुरतात.
- १२.३० केपे, वाडा आणि जेवण. शाकाहारी किती, उपवासाचे किती हे आठवडाभर आधी कळवलेलं असावं. आयत्या वेळी सांगितलं तर भात आणि कोशिंबीर एवढंच मिळेल.
- ३.३० नंतर लोटली, किंवा सरळ मडगाव.

ज्येष्ठांचा गट असेल तर दुपारचं (लोटलीचं) घर वगळा. जोती उंच असतात, पायऱ्या दगडी, कठडा बहुतेक ठिकाणी नसतो आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार नसतो. गुडघेदुखीवाल्यांना बाल्कांवात बसवून ठेवता येतं. बाल्कांव म्हणजे दारापुढचा छताखालचा कट्टा, दोन्ही बाजूंना बसायची दगडी आसनं असलेला. तिथे बसून समोरचा रस्ता बघणं हाही या घराचा अनुभवच आहे, तेव्हा त्यांना वगळल्यासारखं वाटू देऊ नका.

## ६. सोबत काय असावं

- नाव, वय, फोन आणि रक्तगट असलेली यादी, दोन प्रती
- प्रमुखाचं ओळखपत्र
- शाळा असेल तर लेटरहेडवरचं पत्र आणि पालकांची संमतीपत्रं
- गाडीचा परवाना, विमा, चालकाचा परवाना यांच्या प्रती
- देणगीची पाकिटं
- जाडसर मोजे, माणशी एक जोडी (काही घरांत चपला बाहेर काढाव्या लागतात)
- ओल्या छत्र्यांसाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी
- प्रथमोपचार पेटी

पाठीवरच्या सॅका गाडीतच राहू द्या. काचकपाटाशेजारून वळताना पाठीवरची सॅक कुठे लागते हे सॅकवाल्याला कळत नाही, आणि कपाटात मकावहून आलेली चिनी मातीची भांडी असतात. तुटली तर तशी परत मिळत नाहीत.

## ७. आत गेल्यावर काय बघायचं

म्होरक्याने हे आधी वाचून ठेवलं तर गट ‘वा, किती जुनं’च्या पुढे जातो.

खिडक्या. सगळ्यात आधी इथेच थांबा. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत काचेऐवजी कालवाच्या शिंपल्यांचे चौकोनी पातळ तुकडे सरकवलेले असतात, प्रत्येक तळहातापेक्षा लहान. काच दुर्मीळ आणि महाग होती, शिंपले खाडीत होते. त्यातून येणारा उजेड दुधाळ, सौम्य असतो. ऊन आत येतं, पण त्याचा चटका येत नाही. झडप बंद असताना आणि उघडल्यावर खोली कशी बदलते ते यजमानांना दाखवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. शिंपल्यांना बोट लावू नका. जुने तुकडे ठिसूळ झालेले असतात, आणि हे कालव आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्याने बदली शिंपला मिळणं अवघड आहे.

भिंती. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा. टेकू नका. कपड्यांना पांढरं लागतं हे सोडा, ओलसर गिलाव्याचा पापुद्रा सुटतो.

सामान. कोरीव शिसवी खुर्च्या स्थानिक सुतारांनी युरोपी नमुन्यांवर केलेल्या आहेत. वेली, पानं, पक्षी नीट बघा, हात गोव्याचा आहे हे दिसतं. वेताची बैठक असलेल्या खुर्चीवर बसायचं नाही, कुणी ‘बसा’ म्हणेपर्यंत. पूर्वेकडच्या भागात पोर्तुगालचा राजा दों लुईश याने दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. त्याच भागातल्या खासगी प्रार्थनाघरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नखाचा अवशेष जपलेला आहे. तिथे आवाज उतरवा, टोप्या काढा, आणि फोटोचं विचारूही नका.

ग्रंथसंग्रह. पश्चिमेकडच्या भागाचा खरा ठेवा हा. लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांची पुस्तकं इथे आहेत. १९०० साली गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक ‘ओ एराल्दो’ सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. १९३० मध्ये पोर्तुगीज सरकारच्याच कौन्सिलात त्यांनी गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. याच कुटुंबाच्या गोतावळ्यातले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जातात. झुंबरं आणि संगमरवर बघून ‘पोर्तुगीजांचे लाडके’ असा समज करून घेणाऱ्यांना ही माहिती आधी द्याच. शाळेची सहल असेल तर परतताना मडगावच्या लोहिया मैदानावर थांबा. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी तिथेच सविनय कायदेभंगाची हाक दिली. घर आणि मैदान एकाच दिवशी बघितलं की मुलांच्या डोक्यात गोव्याचा इतिहास नीट बसतो.

## ८. बोलताना कुठे चुकतं

हा भाग प्रवासात बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवा.

‘तुम्ही पोर्तुगीज का?’ असं विचारू नका. ही गोव्याचीच माणसं आहेत. त्यांचे पूर्वज सोळाव्या-सतराव्या शतकात ख्रिस्ती झाले. ‘मग मूळ आडनाव काय? जात कुठली?’ हा त्यापुढचा प्रश्न तर अजिबात नको. काही यजमान स्वतःहून सांगतात, तेव्हा ऐकावं.

‘गोवा महाराष्ट्रातच यायला हवा होता’ हा विषय काढू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं. सासष्टीत ती भावना फार खोल आहे. तुम्ही सहज बोलून जाल, पण पुढचा पाऊण तास यजमान फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतील.

‘हे घर विकलं तर किती येतील?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटातून कुणीतरी विचारतंच. त्या माणसाला आधीच ओळखून ठेवा आणि शेजारी उभे राहा.

फोटोंबाबत: ब्रागांझा घराच्या पश्चिम भागात आत फोटो काढू देत नाहीत हे धरूनच चला. बाकी ठिकाणी प्रत्येक खोलीत पुन्हा विचारा. फ्लॅश कुठेच नको. घरच्या माणसांचे फोटो त्यांना न विचारता काढू नका, भिंतीवरच्या कुटुंबाच्या फोटोंचेही नाही. रील करायचा असेल तर बाहेर, बाल्कांवाच्या पायऱ्यांपाशी.

## ९. पावसाळ्यात जाणार असाल तर

जून ते सप्टेंबर घरं सर्वात सुंदर दिसतात, पण आत अंधार असतो आणि वीज जाते. छप्पर गळत असतं, ठिकठिकाणी घमेली ठेवलेली असतात. ती पायाने सरकवू नका, ती नेमक्या थेंबाखाली असतात. गट सहा-आठ जणांचाच ठेवा. काही घरं या दिवसांत दार उघडतच नाहीत. तसं झालं तर पर्वरीजवळ तोर्ड्याला ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे जहाजाच्या आकाराचं संग्रहालय आहे. दारं, खिडक्या, फरशा, कौलं हे सगळं तिथे जवळून बघता येतं. खरं तर कोरड्या दिवसांतही आदल्या दिवशी ते बघून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी घरात डोळे कुठे न्यायचे ते कळतं.

## १०. निघताना आणि नंतर

ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी म्होरक्याने स्वतःच ‘आता निघतो’ म्हणावं. यजमान थांबा म्हणाले तर थांबा, पण ते म्हणेपर्यंत नाही. पाकीट दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर न मिरवता द्या. ‘देव बरें करूं’ एवढं कोकणी सगळ्यांनी शिकून ठेवा, आभार मानायला तेवढं पुरतं. अभिप्राय वही असेल तर एकानेच लिहावं, गावाचं नाव आणि तारीख टाकून.

गाडीत बसल्यावर आधी माणसं मोजा, मग छत्र्या.

आठवड्याभरात एक निरोप पाठवा. काढलेल्या फोटोंपैकी चांगले दोन-चार त्यांना द्या, आणि समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर आधी कोणते टाकणार ते दाखवा. खोल्यांचा नकाशा, दागिने, चांदीची भांडी, दारांची कुलपं दिसतील असे फोटो टाकू नका. या घरांत बहुतेक वेळा दोन-तीन ज्येष्ठ माणसंच राहतात आणि चोरीची भीती खरी असते. पुढच्या वर्षी दुसरा गट नेणार असाल तर त्यासाठी लागणारा फोन नंबर तुमच्याकडेच ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडू नका. नंबर देण्याआधी घरच्यांना विचारा, मग ज्याला हवा त्याला एकट्याला पाठवा.